चॅप्लिनसमोरचा तो राक्षस

मूकपटातले सहकलाकार म्हणजे नुसते मार खायला उभे केलेले लोक, असं कुणी म्हणेल, पण एरिक कॅम्पबेल आठवा ना जरा! फ्रेड कार्नोच्या विनोदी नाटक कंपनीतून आलेला, सहा फुटांहून बराच उंच आणि तेवढाच आडवा, रंगवलेल्या भुवया कपाळात चढलेल्या, आणि पुढ्यात जेमतेम साडेपाच फुटांचा चॅप्लिन. म्युच्युअल या फिल्म कंपनीसाठी चॅप्लिनने १९१६-१७ मध्ये १२ फिल्म केल्या त्यातल्या ११ मध्ये हा आहे, आणि राहिलेली एक म्हणजे 'वन ए.एम.', ती जवळपास एकट्या चॅप्लिनचीच. 'ईझी स्ट्रीट'मध्ये हा गुंड ताकद दाखवायला रस्त्यावरचा गॅसच्या दिव्याचा खांबच वाकवतो आणि चॅप्लिन त्याचं डोकं त्याच दिव्यात कोंबून गॅस सोडतो. आता याला नुसता मार खाणं म्हणायचं का? समोरचा खरोखर भीतीदायक वाटला नाही तर तो गॅग, म्हणजे विनोदी प्रसंग, उभाच राहत नाही, आणि तेही आवाजाशिवाय, फक्त डोळे आणि खांद्यांवर.

बिचाऱ्याचं सिनेमातलं करिअर मात्र दीडेक वर्षाचंच. डिसेंबर १९१७ मध्ये मोटार अपघातात गेला, चाळीशीसुद्धा गाठली नव्हती. नंतर चॅप्लिनच्या 'गोल्ड रश'मध्ये मॅक स्वेन होता, मस्तच होता, पण एरिकसारखी धडकी नाही भरत राव.