भरावाच्या उतारावर गवत आणि पेंढा: पावसाआधी काय करावं?

प्रश्न
चिपळूणजवळ सपाटीकरणाचा भराव आहे. मुरूम आणि लाल माती, ६ मीटर उंच, ७५ मीटर लांब, उतार १ उभ्याला १.५ आडवा. बांधकाम पुढच्या वर्षापर्यंत चालेल. खाली पऱ्या (ओढा), त्याला लागून भातखाचरं. वळवाच्या एकाच सरीत बोटभर खोल घळ्या पडल्यात. गवताचं बी टाकून वर पेंढा अंथरला तर जून निभेल का? बी कुठलं, किती?

उत्तर १
निभेल, पण आधी वरचं पाणी वळवा. माथ्यावर कडेपासून मीटरभर आत ४०–५० सेंमी उंचीचा मातीचा बांध घाला, पाणी एका टोकाला न्या आणि दगडी पिचिंगवरून (दगड बसवून केलेल्या अस्तरावरून) खाली उतरवा. माथ्यावरून धार सुटली तर बी, पेंढा, जाळी सगळं एका रात्रीत पऱ्यात जातं.

मग उताराचं अंग. खोदयंत्राच्या बकेटने चोपून गुळगुळीत केलेला उतार दिसतो छान, पण त्यावर बी थांबत नाही. कुदळीने समपातळीत आडव्या खाचा मारा, ५ सेंमी खोल, ३० सेंमी अंतराने. घळ्या आधी भरून धुमसाने ठोका. नुसती सैल माती ढकलली की पाणी पुन्हा तीच वाट धरतं. खरवडून ठेवलेली वरची काळपट माती असेल तर ५ सेंमीचा थर द्या. नुसत्या मुरमात अन्न नसतं.

उत्तर २
तिरपी लांबी १०.८ मीटर, म्हणजे क्षेत्र ८१० चौ.मी. त्यावर ताग ४ किलो आणि स्टायलो (शेंगवर्गीय चारा) दीड किलो. ताग आठवड्याच्या आत उगवून माती झाकतो, स्टायलो सावकाश येतो पण टिकतो. स्टायलोचं कवच टणक असतं. ८० अंशांच्या गरम पाण्यात ३–४ मिनिटं बुडवून लगेच गार पाण्यात टाका, नाहीतर बरंचसं बी तसंच पडून राहतं. ताग ४०–४५ दिवसांनी कापून तिथेच पसरा. वाढू दिलात तर त्याच्या सावलीत खालचा स्टायलो मरतो.

टँकर मिळत असेल तर मेच्या मध्यात पेरून रोज हलकं पाणी द्या. नसेल तर मेअखेर कोरडं पेरून वर पेंढा घाला. पेरणीबरोबर सिंगल सुपर फॉस्फेट चौ.मी.ला २५ ग्रॅम.

कायमच्या पकडीसाठी वाळा. पाऊस लागून राहिला की दर मीटरभर उंचीवर समपातळीत एक ओळ, ठोंबे १५ सेंमीवर, शेंडे २० सेंमी ठेवून छाटलेले. ओळ जराही कलली तर पाणी तिच्या कडेने धावतं आणि तिथेच नवी घळ पडते.

प्रश्नकर्ता
पेंढा किती? सुतळीने बांधून भागेल की काथ्याची जाळी लागेलच?

उत्तर ३
भाताचा पेंढा चौ.मी.ला अर्धा किलो, एकूण ४०० किलोच्या आसपास. अंथरल्यावर अधूनमधून माती दिसली पाहिजे. जाड गादी केली तर कोंब खालीच पिवळे पडून कुजतात. १ ला २ किंवा त्याहून सपाट उतार असता तर खुंट्या आणि तिरकी सुतळी पुरली असती. तुमच्या उताराला आणि कोकणच्या पावसाला काथ्याची जाळीच घ्या, ७०० जीएसएम (चौ.मी.ला ७०० ग्रॅम वजनाची). जोड धरून ९०० चौ.मी. लागेल.

माथ्यावर ३० × ३० सेंमीचा चर खणून जाळीचं टोक त्यात पुरा, माती ठोका, मग जाळी वरून खाली सोडा. ताणू नका. ताणलेली जाळी खड्ड्यांवर तंबूसारखी उचलली जाते आणि पाणी तिच्याखालून माती नेतं, वरून काही कळतही नाही. जाळी जमिनीत ठोकायचे हुक ६ मिमी सळईचे, पाय २५ सेंमी, चौ.मी.ला ३. शेजारच्या पट्ट्या १५ सेंमी एकावर एक.

पायथ्याला ६० सेंमी रुंद, ४५ सेंमी खोल चर हवाच, खाचरं वाचतील. अर्धा भरला की उपसा, आणि तो गाळ उतारावर टाकू नका.

उत्तर २
एक राहिलं. पेंढा कुजताना नत्र ओढतो, म्हणून महिन्याभरात गवत पिवळं दिसलं तर उघडीप बघून चौ.मी.ला ५ ग्रॅम युरिया द्या. दिवाळीनंतर गुरं आत येऊ देऊ नका. जानेवारीच्या आत सुकं गवत १० सेंमी खुंट ठेवून कापा आणि पायथ्याशी ३ मीटरचा पट्टा साफ ठेवा. वणवा लागला तर गवताबरोबर काथ्याही जळतो आणि पुढच्या जूनला उतार पुन्हा उघडा पडतो.