प्रथिनाचा आकार बदलतो का हे तपासायला सॅक्स (लहान कोनातलं एक्स-रे स्कॅटरिंग) करावं का?

रेणुका_पुणे
नमस्कार मंडळी. पीएचडीचं दुसरं वर्ष. माझं प्रथिन कॅल्मोड्युलिनच्या (कॅल्शियम बांधणारं प्रथिन) कुळातलं, कॅल्शियम मिळालं की आकार बदलत असावं. रचना काढायला क्रिस्टल काही येत नाहीत. गाइड म्हणतात, सॅक्स करून बघ. कुठे करू? नमुना किती लागेल? जाणकारांनी सांगावं.

बफरवाला
जरूर करा, पण आधी कॅल्मोड्युलिनचंच बघा. नुसत्या कॅल्शियमने त्याची आरजी (रेडियस ऑफ जायरेशन, म्हणजे रेणू किती पसरलाय त्याचं माप) फारशी हलत नाही. मायोसिन लाइट चेन कायनेजचा पेप्टाइड घातला की मात्र ते त्याला मिठीत घेतं आणि आरजी सुमारे 21 अँगस्ट्रॉमवरून 16-17 वर येते. तेव्हा तुमचाही जोडीदार पेप्टाइड ठाऊक असेल तर तो सोबत न्याच.

नमुना 1 ते 10 मिग्रॅ प्रति मिली, तीन-चार कॉन्सन्ट्रेशनचा; प्रत्येकी 50 मायक्रोलिटर पुरतो. खरी मेख बफरमध्ये. नमुन्याच्या वक्रातून वजा करायचं बफर डायलिसिसमधलंच हवं, आणि कॅल्शियमवाल्याचं वेगळं, ईजीटीएवाल्याचं (ईजीटीए कॅल्शियम काढून घेतं) वेगळं. चिमूटभर अ‍ॅग्रिगेट (रेणू चिकटून झालेले गठ्ठे) असलं तरी लहान कोनाकडचा वक्र वर उचलला जातो, कारण कणाचं वजन दुप्पट झालं की त्या एका कणाचं स्कॅटरिंग चौपट होतं. गिनिए प्लॉट (तीव्रतेचा लॉग विरुद्ध क्यू वर्ग; क्यू म्हणजे स्कॅटरिंगच्या कोनाचं माप) क्यू गुणिले आरजी 1.3 पर्यंत सरळ नसेल, तर पुढचं काही करूच नका.

निळा_बेडूक
+1. जमलं तर एसईसी-सॅक्सच (आकारानुसार रेणू वेगळे करणाऱ्या कॉलमला जोडलेलं सॅक्स) मागा, कॉलममधून उतरता उतरताच मोजतात, अ‍ॅग्रिगेट आधीच वेगळा निघून जातो. हॅम्बुर्गला पेट्रा-3 सिंक्रोट्रॉनची पी12 आणि ग्रेनोबलला बीएम29 या खास याच कामाच्या बीमलाइन (सिंक्रोट्रॉनचे एक्स-रे वापरून मोजण्याच्या जागा). इंदूरला इंडस-2 सिंक्रोट्रॉनवरही सॅक्सची सोय आहे, अर्ज करण्याआधी तिथल्या लोकांशी बोलून घ्या. बीममध्ये प्रथिन जळतं, थोडं ग्लिसरॉल घाला (बफरमध्येही तेवढंच!).

आणि वक्रावरून ते मण्यांचे गोळे (आकाराची ढोबळ मॉडेलं) बनवून पेपरात छापायचा मोह आवरा. एकाच वक्रात बसणारे आकार अनेक निघतात. त्यापेक्षा अल्फाफोल्डचं (क्रमावरून रचना सांगणारं एआय) मॉडेल घेऊन क्रायसॉल प्रोग्रामने त्याचा वक्र काढा नि मोजलेल्याशी जुळवून बघा. एटीसॅस (क्रायसॉल ज्यात येतो तो सॉफ्टवेअर संच) शैक्षणिक वापराला फुकट आहे.

रेणुका_पुणे
धन्यवाद दोघांनाही! पेप्टाइडचा विचारच केला नव्हता. क्रॅटकी प्लॉटचा (क्यू वर्ग गुणिले तीव्रता विरुद्ध क्यू) काही उपयोग?

बफरवाला
हो, तुमच्या केसमध्ये नक्की. घडीबंद प्रथिनाला घंटेसारखा उंचवटा येतो. मधला दुवा लवचिक असेल तर वक्र शेवटी खाली उतरायचं नाव घेत नाही. दोन्ही अवस्थांचे एकावर एक काढा.