सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं कटिंग मशीन) स्लॅब सरकतोय, व्हॅक्यूम पंपच बदलू का?
गोकुळ शिरगावात किचन ओट्यांचं छोटं वर्कशॉप हाय माझं. ग्रॅनाइट आन् क्वार्ट्झ, दोन्ही. स्लॅब धरून ठेवणाऱ्या रबरी कपांतली हवा ओढणारा पंप तेलावरचा. आधी व्हॅक्यूमचा काटा 680 मिलिमीटर पाऱ्यावर जायचा, आता 560 वर अडकलाय. परवा सिंकचा कट घेताना कपावरनं स्लॅब सरकला, कोपरा गेला. तेलाच्या काचेत बघितलं तर तेल पांढरं, चक्क ताक! कॅटलॉगात 750 लिवलंय, मग आमचा पंप पहिल्यापास्नंच कमी हाय काय?

शिरोलीचा फिटर:
750 इथं कधीच दिसायचं न्हाई भावा. कोल्हापूर साधारण 570 मीटर उंचावर, हवेचा दाबच 710 च्या आसपास. 680 म्हंजे पंप झकास होता.
ताक झालं कारण कपातनं कटिंगचं पाणी ओढलं गेलं. तेल बदल, पण आधी लाइनीत पाणी अडवायची टाकी बसीव, न्हाईतर आठवड्यात परत ताक. मग पंपाजवळचा व्हॉल्व्ह बंद करून बघ. काटा चढला तर गळती पुढं, कपांच्या बाजूला. कपाच्या रबराखाली गाळ बसतोय, हात फिरवून बघ.

उद्यमनगरवाला:
पाण्याच्या रिंगचा पंप घे (तेलाऐवजी फिरत्या पाण्यानं हवा ओढतोय), पाणी गिळलं तरी चालतंय. फक्त उन्हाळ्यात पाणी 35 अंशांवर गेलं की वाफच व्हॅक्यूमातले 42 मिलिमीटर खाती.

प्रश्नकर्ता:
रबराखाली बोटभर गाळ निघाला! तेल बदलून 670. टाकी उद्या बसवतोय.