तुम्ही आधी मारणारे की आधी थोपवणारे?

मॅजिक: द गॅदरिंग हा पत्त्यांचा लढाईचा खेळ खेळणाऱ्यांत दोन जाती असतात. एकाला, म्हणजे अ‍ॅग्रोवाल्याला, पहिल्या टर्नपासून समोरच्याची २० लाइफ शून्यावर आणायची घाई. दुसऱ्याला, म्हणजे कंट्रोलवाल्याला, समोरच्याचं सगळं हाणून पाडून मग निवांत जिंकायचं असतं. तुमचा अ‍ॅग्रो की कंट्रोल, आणि कोणत्या डावाने तुम्हाला शहाणं केलं? तत्त्वज्ञान नको, डाव सांगा.

सुरुवात माझ्यापासून. माझा लाल डेक (पत्त्यांचा संच), समोर पांढरा-निळा कंट्रोल, पहिली चाल माझी. पहिल्याच टर्नला हेस्टवाला, म्हणजे आल्या आल्या हल्ला करणारा, छोटा क्रीचर (लढणारा प्राणी), मग दर टर्नला एकेक. चौथ्या टर्नला तिघांनी मिळून हल्ला केला आणि तो ३ लाइफवर आला. हातात आणखी दोन क्रीचर होते, तेही मांडले. का? माना, म्हणजे कार्डं खेळायला लागणारी ऊर्जा, वाया जात होता म्हणून! त्याने चौथं लँड (माना देणारं कार्ड) ठेवलं, माना काढायला चारही आडवी केली, राथ ऑफ गॉड: टेबलावरचे सगळे क्रीचर साफ. त्याच्या एका कार्डात माझी पाच गेली आणि हात रिकामा. पुढचे तीन ड्रॉ लँड. चौथा लाइटनिंग बोल्ट, बरोबर ३ डॅमेज! त्याने काही न बोलता दोन निळी लँड आडवी केली आणि काउंटरस्पेल टाकलं, बोल्ट रद्द. तिघंही जिवंत असताना चौथ्या-पाचव्याची गरजच नव्हती, हे मला घरी जाताना सुचलं.

*

मी त्या टेबलाच्या पलीकडची. कंट्रोल खेळायला लागले तेव्हा हातात काउंटरस्पेल आहे म्हणजे ते वापरायचंच, असं वाटायचं. समोरून दुसऱ्या टर्नला दोन माना किमतीचं काहीतरी किरकोळ आलं, केलं काउंटर. तिसऱ्या टर्नला आणखी एक, तेही केलं. मग पाचव्याला खरं संकट आलं तेव्हा हातात नुसती लँड. आता किरकोळ मार खुशाल खाते. ६ लाइफ उरली तरी घाम फुटत नाही, कारण १ लाइफवर जिंकलं तरी जिंकणंच. समोरचा मात्र आपण घाबरलोय असं समजून हातातलं सगळं टेबलावर ओततो. ओतू द्यावं!

माझी खरी डोकेदुखी घड्याळ आहे. स्पर्धेत राउंड ५० मिनिटांचा. पहिला गेम हरले, दुसरा जिंकले, पण इतका हळू की तिसऱ्याला जेमतेम सात मिनिटं उरली. वरच्या पाच जादा टर्नमध्येही काही झालं नाही. बरोबरी. जो डेक जिंकायला वेळ घेतो त्याच्या मालकाने तरी पटापट खेळावं, हे फार उशिरा कळलं.

*

२६ लँडचा कंट्रोल डेक, आणि दोन लँडवर अडकून मेलो. सलग दोन गेम. बाकी काही सांगण्यासारखं नाही.

*

मला या वाटणीवरच शंका आहे. मॅजिकवर लिहिणारे माइक फ्लोरेस यांनी १९९९ मध्येच लिहून ठेवलंय की कोण हल्लेखोर हे डेकवरून नाही, समोर कोण आहे त्यावरून ठरतं. मला ते पटायला एक पूर्ण संध्याकाळ हरावं लागलं. माझा बर्न डेक, म्हणजे थेट डॅमेज करणाऱ्या कार्डांचा: सात बोल्ट म्हणजे २१, संपला विषय, असा हिशेब. समोर माझ्याहूनही वेगवान डेक आला. मी बोल्ट त्याच्या तोंडावर मारत राहिलो, त्याचे क्रीचर मला मारत राहिले, आणि दर वेळी तो एक टर्न आधी पोचला. चौथ्या गेमला पहिले तीन बोल्ट क्रीचरवर खर्च केले. त्याचा वेग मेला, माझी मोठी कार्डं उरली. लाल डेक घेऊन कंट्रोल खेळलो मी!

*

अ‍ॅग्रोला बिनडोक म्हणणाऱ्यांनी १९९६ मध्ये पॉल स्लाय या खेळाडूने खेळलेला लाल डेक बघावा. त्यात आयर्नक्लॉ ऑर्क्ससारखी कार्डं होती. २/२ (पॉवर म्हणजे मार २, सहनशक्ती २), आणि पॉवर २ किंवा जास्त असलेल्या हल्लेखोराला ब्लॉकसुद्धा न करणारा, म्हणजे न अडवणारा. पण ज्याला ब्लॉक करायचंच नाही त्याला काय फरक पडतो? प्रत्येक टर्नचा माना पुरेपूर वापरायचा, एवढ्यासाठी सगळी मांडणी. मी तसा डेक बांधायला बसलो आणि तीन रात्री फक्त एक-दोन मानाची कार्डं किती ठेवायची यावर घालवल्या. कसला बिनडोकपणा!

*

पहिल्या गोष्टीला माझी उलटी गोष्ट. मी आणि माझा मित्र, त्याचा अ‍ॅग्रो, माझा कंट्रोल. एकदा गंमत म्हणून डेक अदलाबदल केले. माझ्या डेकमध्ये राथ चार आहेत हे मला पाठ, म्हणून त्याचा डेक खेळताना मी शहाण्यासारखे दोन क्रीचर हातात राखून ठेवले. चौथ्या टर्नला राथ नाही. पाचव्याला नाही. सहाव्यालाही नाही. मी अजून दबा धरून. सातव्याला त्याने वरचं कार्ड ओढलं आणि हसला.

टेबलावरचे तिघे गेले. राखलेले दोन पुढे एकेक करून मांडले, पण तोवर त्याच्या हातात काउंटरस्पेल आली होती, दोन्ही काउंटर केले. डाव संपल्यावर त्याने सांगून टाकलं. सहाव्या टर्नपर्यंत त्याच्याकडे नुसती लँड होती.

डेक परत मागितला, तर म्हणतो, राहू दे अजून आठवडाभर.