नांदूर मधमेश्वरवरील लघुपटासाठी मदत हवी आहे

नमस्कार. मी महाविद्यालयीन विद्यार्थिनी असून पाणथळ जागांच्या संवर्धनावर तीन मिनिटांचा लघुपट तयार करत आहे. त्यासाठी नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यातील नांदूर मधमेश्वर पक्षी अभयारण्य निवडले आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ बांधलेल्या बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचत गेला, त्यातून उथळ पाणी, बेटे आणि पाणवनस्पती तयार झाल्या आणि 2020 मध्ये हे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झाले. सिंचनासाठी अडचणीचा ठरणारा गाळच पक्ष्यांना आसरा देतो, हा विरोधाभास मला लघुपटाच्या केंद्रस्थानी ठेवायचा आहे. नुसती सुंदर दृश्ये दाखवण्यात मला फारसा रस नाही.

मागच्या खेपेस चापडगावच्या पक्षीनिरीक्षण मनोऱ्यावरून कपाळावर पांढरा टिळा असलेल्या वारकरी पक्ष्यांचा थवा छान टिपता आला, परंतु मोबाइलमध्ये वाऱ्याच्या घोंघाटाखेरीज काहीच ध्वनिमुद्रित झाले नाही. आवाजासाठी स्वस्तातला उपाय कोणी सुचवेल का? तसेच अभयारण्यात चित्रीकरणाच्या परवानगीचा अर्ज कसा लिहावा, आणि गाळपेर (पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या गाळावरची शेती) करणारे किंवा मासेमारी करणारे कोणी जुने जाणते आपल्या ओळखीचे असून कॅमेऱ्यासमोर बोलण्यास तयार असतील का, हेही कृपया कळवावे.