मदत हवी आहे: ट्रस्टमधला वाडा आणि काकांचा 30 वर्षांचा भाडेपट्टा

पंचवटीतला आमचा वाडा आजोबांनी खासगी ट्रस्टमध्ये ठेवलाय. विश्वस्त मोठे काका आणि आत्या, लाभार्थी आम्ही नातवंडं. आता काका खालचे गाळे 30 वर्षांच्या पट्ट्याने द्यायला निघालेत, तेही आत्याच्या सहीशिवाय! हिशेब मागितला की ठरलेलं उत्तर, "घरातल्या घरात कसले हिशेब?"

भारतीय विश्वस्त अधिनियम, 1882 वाचला. कलम 57 प्रमाणे ट्रस्ट डीड, हिशेब बघून नकला घेता येतात. कलम 36 म्हणतं, 21 वर्षांवरच्या पट्ट्याला कोर्टाची परवानगी हवी. खासगी ट्रस्ट, म्हणजे धर्मादाय आयुक्तांचा संबंध नाही.

आधी वकिलाची नोटीस द्यावी की थेट दिवाणी कोर्टातून मनाईहुकूम? आत्याला सोबत घ्यावं का? ती काकांना जाम घाबरते. नाशिकमध्ये असं प्रकरण कुणी लढवलंय का?