अमेरिकेहून आणलेला टर्नटेबल हळू चालतो, आणि ७८ च्या तबकड्यांवर नुसती खरखर

तबकडीवाला:
बेल्ट ड्राइव्ह टर्नटेबल आहे, मागच्या पट्टीवर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. वेग फक्त ३३ आणि ४५ (मिनिटाला फेरे). २३० चे ११० करणारा ट्रान्सफॉर्मर लावलाय, बेल्ट नवीन, बेअरिंगला तेल दिलंय. तरी एलपी सरळसरळ हळू वाजते. तंबोऱ्याच्या ॲपशी ताडून पाहिलं, काळी चारमध्ये गाणारा गायक पांढरी चारमध्ये ऐकू येतो. कार्ट्रिज (पिन बसते तो भाग) ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ई, फोनो प्रीॲम्प (पिनेचा क्षीण सिग्नल वाढवणारा) वेगळा.

संग्रहात एचएमव्हीच्या एलपी-ईपी आणि नाट्यसंगीताच्या बऱ्याच ७८ च्या तबकड्या आहेत. ७८ ची एक तबकडी ४५ वर लावून रेकॉर्ड केली आणि कॉम्प्युटरवर वेग वाढवला, तर आवाज दबलेला आणि खरखर प्रचंड. एलपींवर पावसाळ्यानंतर पांढरे ठिपके दिसतात. शिवाय एलपीच्या प्रत्येक बाजूच्या शेवटच्या गाण्यात 'स' आणि 'श' फाटतात. सुरुवात कुठून करू?

पुलीमास्तर:
आधी वेग. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी नाही. तुमच्या प्लेअरची मोटर एसी सिंक्रोनस असणार, म्हणजे ती विजेच्या हर्ट्झवर फिरते. ६० ऐवजी ५० मिळाले की वेग ५०/६०, म्हणजे ३३⅓ चे २७.८. हा फरक तीन अर्धस्वरांहून थोडा जास्त. काळी चारवरून पांढरी चार हे बरोबर तेवढंच अंतर, तुमचा कान चोख आहे. बेल्ट आणि तेलाचा यात काही दोष नाही. (डीसी मोटरच्या किंवा क्वार्ट्झ लॉकच्या प्लेअरला ही अडचण येत नाही, त्यांना फक्त व्होल्टेज जुळवलं की पुरतं.)

आणखी एक: ६० हर्ट्झची मोटर ५० वर चालवली की जास्त करंट ओढते आणि तापते. व्होल्टेज त्याच प्रमाणात उतरवायला हवं, १२० ची मोटर ५० हर्ट्झवर साधारण १०० व्होल्टवर. ट्रान्सफॉर्मर घेताना १०० व्होल्टची जोडणी (टॅप) असलेला बघा.

इलाज दोन. कंपनीची ५० हर्ट्झची पुली (मोटरच्या दांड्यावरची, बेल्ट फिरवणारी चकती) मिळाली तर उत्तम. नाहीतर पितळेची पुली लेथवर करून घ्या. इथे हमखास चूक होते ती अशी: लोक पुलीचा व्यास सरळ १.२ ने गुणतात. बेल्टची जाडीही धरावी लागते, कारण वेग बेल्टच्या मध्यरेषेवर ठरतो. समजा जुनी पुली १० मिमी आणि बेल्ट ०.६ मिमी. मग १०.६ गुणिले १.२ म्हणजे १२.७२, त्यातून ०.६ वजा, पुली १२.१२ मिमी. १२.०० ची केलीत तर प्लेअर जवळपास १ टक्का हळू राहील, आणि तंबोऱ्यासोबत ते लगेच कळेल. ३३ आणि ४५ या दोन्ही पायऱ्यांचा हिशोब वेगळा करा. जुन्या पुलीला मध्ये हलकासा फुगवटा असतो, तो नव्यातही हवा, नाहीतर बेल्ट वरखाली सरकतो. भोक मध्यावर नसेल तर पुलीच्या प्रत्येक फेरीला सूर लाटेसारखा हलेल. खर्जात लावलेल्या षड्जावर ते आधी ऐकू येतं.

दुसरा इलाज, ६० हर्ट्झ देणारा छोटा प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर. मोटर काही वॅटचीच असते, पण चौकोनी लाटेच्या स्वस्त इन्व्हर्टरवर ती गुरगुरते आणि ती गुरगुर थेट पिनेत उतरते.

वेग तपासायला स्ट्रोब चकती छापा (लुकलुकणाऱ्या दिव्याखाली तिच्या रेषा स्थिर दिसल्या तर वेग बरोबर): ५० हर्ट्झला ३३⅓ साठी १८० रेषा. अमेरिकन चकतीवर २१६ असतात, ती इथे चालत नाही. आणि वर एलईडी दिवा नको, बहुतेक एलईडी १०० हर्ट्झने पुरेसे लुकलुकत नाहीत. टेस्टरमधल्या निऑनसारखा छोटा निऑन दिवा चालतो.

लाखेची_खरखर:
७८ बद्दल. तुमची पिन चुकीची आहे. व्हीएम९५ई चं टोक ०.३ × ०.७ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), एलपीच्या बारीक खाचेसाठी. ७८ ची खाच जवळपास तिप्पट रुंद, त्यात ही पिन तळाशी धुळीत लोळते आणि भिंतींना नीट टेकतच नाही. खरखर तिथून येते. चांगली गोष्ट ही की कार्ट्रिज बदलायला नको: व्हीएम९५एसपी ची पिन याच बॉडीत बसते. तिचं टोक ३ मिल, तबकडीवर टेकायचं वजन ५ ग्रॅम (४.५ ते ५.५). पिन बदलली की काउंटरवेट (आर्मच्या मागचं वजन) पुन्हा लावा, आणि एलपीला परतताना विसरू नका. ७८ ची पिन एलपीवर गेली की एलपी संपली.

दबलेला आवाज हा ईक्यूचा, म्हणजे बास-ट्रेबलच्या समतोलाचा घोळ. फोनो प्रीॲम्प आरआयएए वक्र (बास वाढवून ट्रेबल उतरवणारं ठरलेलं प्रमाण) लावतो, तो १९५४ नंतरचा. एचएमव्हीच्या बहुतेक जुन्या ७८ ला ट्रेबल वाढवून कापलेलं नसायचं, पण प्रीॲम्प १० किलोहर्ट्झला साधारण १४ डीबी उतरवून टाकतो. खाली बासही जास्त फुगतो, कारण टर्नओव्हर (ज्याच्या खाली बास वाढवला जातो ती फ्रिक्वेन्सी) तिथे सुमारे २५० हर्ट्झ, आरआयएए मध्ये ५००.

रेकॉर्ड करून सुधारायचं तर ऑडॅसिटीत (आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर) क्रम महत्त्वाचा. वेग वाढवण्याआधी आरआयएए उलटा लावून काढून टाका, कारण प्रीॲम्पने तो हळू वेगावर लावलाय. मग वेग बदला. मग २५० हर्ट्झचा टर्नओव्हर. आधी वेग वाढवलात तर वक्र चुकीच्या जागी बसतो आणि कितीही नॉब फिरवले तरी गळा नाकातून आल्यासारखा वाटतो. आणि पुली बदलेपर्यंत तुमचा ४५ म्हणजे प्रत्यक्षात ३७.५ आहे, म्हणून गुणक १.७३ नाही, २.०८.

दोन्ही चॅनल मिसळून मोनो करा. या तबकड्यांची खाच आडवी हलते, उभ्या हालचालीत फक्त खरखर असते आणि मोनोत ती बरीच रद्द होते. एवढं केल्यावरच नॉइज रिडक्शनला हात लावा, तोही हलका. नाहीतर आधी ऑर्गनचे सूर जातात आणि मग तबल्याची किनार.

सगळ्या ७८ खरोखर ७८ वर कापलेल्या नसतात, विशेषतः १९२५ च्या आधीच्या, भोंग्यात गाऊन केलेल्या. गायकाची पट्टी ठाऊक असेल तर तीच कसोटी.

घासूनपुसून:
ठिपके म्हणजे बुरशी. एलपी-ईपीसाठी: डिस्टिल्ड वॉटर ८०० मिली, आयसोप्रोपिल अल्कोहोल २०० मिली, फोटोच्या डार्करूममध्ये वापरतात त्या वेटिंग एजंटचे दोन-तीन थेंब. बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर चालतं, फक्त कॅनवर 'ॲसिड' लिहिलेलं नाही ना ते बघून घ्या. मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने फिरवा, मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने दोनदा धुवा. हे धुणं टाळलं की सुकलेला साबण खाचेत राहतो आणि पिनेवर पांढरा गोळा जमतो. लेबल भिजू देऊ नका. जुनी कागदी आतली पाकिटं फेका, बुरशीची बीजं त्यातच बसलेली असतात. तबकड्या उभ्या ठेवा, भिंतीला चिकटलेल्या कपाटात नको.

हे मिश्रण ७८ ला अजिबात नाही. सुतार चपडी स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिश करतो ना, तीच लाख तुमच्या तबकडीत आहे. अल्कोहोल लागलं की चमक जाते आणि तिच्याबरोबर गाणंही. तिथे डिस्टिल्ड वॉटर, साबणाचा एक थेंब, झटपट धुणं आणि लगेच पुसणं. चीर गेलेली तबकडी भिजवूच नका.

पिवळी_बाटली:
एलपीवर फेव्हिकॉल ओतून वाळल्यावर सोलून काढला तर सगळी घाण निघते, धुण्याची कटकटच नाही.

घासूनपुसून:
व्हिनाइलवर निघते, खरं आहे. पण थर पातळ झाला की सोलताना तुटतो, आणि खाचेत राहिलेला तुकडा काढणं मूळ घाणीपेक्षा अवघड. जुन्या एचएमव्हीवर पहिला प्रयोग म्हणून मी सुचवणार नाही. ७८ वर तर विचारही नको.

ओव्हरहँग:
'स' फाटण्याचं कारण बहुतेक अलाइनमेंट, म्हणजे खाचेशी पिनेचा कोन. एलपीच्या कडेला खाच पिनेखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर जाते, शेवटी २१. तेवढ्यात तोच 'स' कोंबलेला असतो, त्यामुळे तिरक्या पिनेची चूक तिथेच उघडी पडते. बेअरवाल्ड प्रोट्रॅक्टर (हा कोन जुळवायचा कागदी तक्ता) छापा, प्रिंटरचं 'फिट टू पेज' बंद करून, आणि पट्टीने मोजा: दोन बिंदू स्पिंडलपासून ६६ आणि १२०.९ मिमीवर हवेत. दोन्ही ठिकाणी कार्ट्रिज रेषांना समांतर बसेपर्यंत स्क्रू ढिले ठेवून सरकवा. वजन २.० ग्रॅम, डिजिटल काट्यावर तबकडीच्या उंचीला मोजलेलं. आर्मच्या आकड्यावर विसंबू नका.

मग हेडफोन लावा. फाटणं उजव्या बाजूला जास्त असेल तर अँटिस्केट (आर्मची आत सरकण्याची ओढ रोखणारं बळ) वाढवा, डाव्या बाजूला असेल तर कमी करा. सगळीकडेच 'स' टोकदार असेल तर कपॅसिटन्स बघा: या कार्ट्रिजला केबल आणि प्रीॲम्प मिळून १०० ते २०० पिकोफॅरड हवेत, आणि काही प्रीॲम्प एकटेच २२० खातात.

तबकडीवाला:
प्रोट्रॅक्टर लावला, कार्ट्रिज ३ मिमी मागे होतं. आता बऱ्याच एलपी शेवटपर्यंत स्वच्छ, पण तीन-चार अजून फाटतात, दोन्ही चॅनलमध्ये सारख्याच. पुलीची मापं लेथवाल्याकडे दिली आहेत.

ओव्हरहँग:
त्या तीन-चारांच्या शेवटच्या खाचा उजेडात तिरक्या धरा. करड्या दिसल्या तर जुन्या पोर्टेबल प्लेअरच्या जड सिरॅमिक पिनेने भिंती खाल्ल्यात. ते भरून येत नाही. बारीक टोकाची, व्हीएम९५एमएल सारखी मायक्रोलाइन पिन कधीकधी भिंतीच्या न झिजलेल्या भागावर टेकते आणि बरंच वाचतं. तीही याच बॉडीत बसते. पण आधी पुली येऊ द्या, वेग सुधारला की पट्ट्या पुन्हा ताडून बघा, आणि मगच पिनेवर खर्च करा.